भोंगेवाले, मुके आणि जीपवाल्या

जाफराबाद, ५ जानेवारी

विमलदादा, जय जिनेंद्र.

संवत्सरी अजून लांब आहे, तेव्हा हे क्षमापनेचं पत्र नाही. तसंही क्षमापनेची ती छापील कार्डं आपण गावभर पाठवतो, फक्त ज्यांच्याशी खरंच भांडण आहे त्यांना सोडून. बाबूजी गेल्यापासून तुझं मला आलं नाही, माझं तुला गेलं नाही.

माझा फोन तू उचलत नाहीस. बाईचा उचलतोस, आई म्हणून, पण तिला आता फोनवर काही कळत नाही. "बरा आहेस ना, जेवलास ना" म्हणते आणि तुझं उत्तर संपायच्या आत ठेवून देते. म्हणून इचलकरंजीच्या पत्त्यावर पत्र.

मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे, ती आधीच सांगते. जाफराबादला येत्या पावसाळ्यात साध्वी महासतीजींचा चातुर्मास व्हावा म्हणून दोन्ही संघांची मिळून एक विनंती जायला हवी. तुमच्या संघाचा अध्यक्ष अजून तूच आहेस. तुझी सही पाहिजे.

बाईला साध्वींना आपल्या हातानं गोचरी द्यायची आहे. स्वतःच्या चुलीवरची पोळी, स्वतःच्या हातानं, त्यांच्या पात्रात. जालन्याला नेते म्हटलं तर म्हणते, दुसऱ्याच्या दारात उभं राहून काय देऊ? आणि गाडीत तिला आता बसवत नाही. गावात चातुर्मास होऊन किती काळ लोटला ते तुला माहीत आहे. दरवर्षी इथून दोन संघांच्या दोन विनंत्या जातात, आणि दरवर्षी एकच निरोप येतो: आधी एक व्हा.

नेहल जालन्याला इतिहासात एम. ए. करते आहे. तिला निबंध लिहायचा आहे, धर्मातल्या पंथांना नावं कशी पडली यावर. तिनं जेवताना विचारलं, "मम्मी, एवढ्याशा गावात आपले दोन संघ, एकाला सगळे भोंगेवाले म्हणतात आणि दुसऱ्याला मुके. हे कोणी ठेवलं?" मला माहीत होतं तेवढं सांगितलं. पर्युषणात व्याख्यानाला माझ्या सासऱ्यांनी लाउडस्पीकर आणला. विजेत अग्नीचे जीव असतात, त्यांची हिंसा करून धर्म ऐकायचा नाही, म्हणून बाबूजी उठले, त्यांच्यामागे काही घरं उठली, आणि बाजारगल्लीत व्याख्यानासाठी पत्र्याचं दुसरं स्थानक झालं. पुढं सासऱ्यांनी बाबूजींना भर सभेत मुके म्हटलं, असं तू सांगत आलास. मी त्या दिवशी तिथं नव्हते, बाळंतीण होते, ही नेहलच तेव्हा आठवड्याची होती. तू कापूस घेऊन अकोल्याला गेलेला होतास.

"म्हणजे तुम्ही दोघंही नव्हता," नेहल म्हणाली. एवढंच म्हणाली आणि वाढून घेतलं.

उत्तर लिही. फोन केलास तरी चालेल.

शीतल


जाफराबाद, २४ जानेवारी

विमलदादा,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. "ज्यांनी बाबूजींना मुका म्हटलं त्यांच्याबरोबर सही नाही. बाईला इकडे पाठव, इथं चातुर्मास दरवर्षी असतो."

दुसऱ्या ओळीचं आधी. बाईला विचारलं. ती म्हणाली, "इचलकरंजीत मला कोण वळखतं? तिथं मी विमलची आई. इथं मी जमनाबाई आहे." आई जावयाच्या घरात राहते, तेही भोंगेवाल्यांच्या, हे तुला बोचतं, ते मला माहीत आहे. पण ती माझ्याकडं माझ्यासाठी राहिलेली नाही, जाफराबादसाठी राहिली आहे.

आता पहिल्या ओळीचं. नेहलनं बाईला विचारलं. आजवर हे तिला कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. कानाचं यंत्र लावलं, नेहल तिच्यासमोर बसली, आणि बाई सांगायला लागली तशी मी गॅस बंद करून बाहेर आले. ती बोलली तसं लिहिते.

"लई गर्दी झाल्ती. बाप्ये पुढं, बाया मागं व्हरांड्यात. माईकनं शिट्टी मारली तशे हे उठले. तुझे आजोबा म्हणले, 'कचरूलालजी, बसा, मागं बायांना काहीच ऐकू यीना.' बराबर बोलले, शांत बोलले. तर हे म्हणले, 'हिंसा करून बोलण्यापरीस आम्ही मुके बरे. बसा तुम्ही तुमचा भोंगा घिऊन.' अन् निघाले."

नेहलनं विचारलं, "म्हणजे मुके पण नानांनीच म्हटलं? आणि भोंगा पण?"

"मंग? दुसरं कोण बोलतंय त्यांच्यापुढं?"

दादा, दोन्ही नावं बाबूजींनीच ठेवली. एका वाक्यात. बाजारानं ती उचलली, आणि मग तू, मी, सगळ्यांनी धरून ठेवली.

मी बाईला विचारलं, मागं तुला खरंच ऐकू येत नव्हतं का? म्हणाली, "व्हरांड्यात मीच होते की. एक अक्षर कळत नव्हतं."

"मग तू बाबूजींबरोबर का उठलीस?"

"विजेचं ते बराबरच बोलले. अन् ऐकू न आलं म्हणून धर्म कमी होतो का?"

अजूनही सामायिकाच्या ध्यानाला बसताना ती कानाचं यंत्र काढून डबीत ठेवते. तुझ्या बाजूची एवढी पक्की माणसं आता गावात दुसरी नाहीत. हे तुला आवडेल म्हणून लिहिलं.

सहीचं कळव.

शीतल


जाफराबाद, १८ फेब्रुवारी

विमलदादा,

"बाईला आता काय आठवतंय," असं तू लिहिलंस. बाईला माझ्या लग्नात कोणत्या पाहुण्याला कोणती साडी दिली तेही आठवतं. कोणती नंतर परत आली, तेही.

भोंगेवाल्यांच्या संघानं लेटरहेडवर माफी लिहून द्यावी, मगच सही, ही तुझी अट मी नेहलच्या पप्पांना वाचून दाखवली. आता अध्यक्ष तेच आहेत. ते दुकानातून येऊन नुकते बसले होते. म्हणाले, "माझ्या वडिलांनी जे म्हटलं नाही त्याची माफी मी कशी लिहू? आणि लिहिली तर ते म्हटलं होतं असंच ठरतं." मी म्हटलं, वाद मिटतो. ते म्हणाले, "कागदावर मिटतो. बाजारात वाढतो."

यात त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. तुझंही दुःख खोटं आहे असं म्हणत नाही. बाबूजींच्या उठावण्याच्या शोकसभेत कोणीतरी मागं कुजबुजलं, "मुक्यांचे पुढारी गेले." ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. तू उठून गेलास. मी बसून राहिले, कारण बाईचा हात माझ्या हातात होता.

नेहलचा निबंध पुढं सरकतो आहे. ती म्हणते, पंथाला स्वतःचं नाव स्वतः ठेवता आलं असं कमीच दिसतं. आपल्या स्थानकवासींना जुने लोक ढुंढिया म्हणायचे. पडक्या घरात उतरणारे म्हणून, असा एक अर्थ सांगतात, आणि म्हणणारे आदरानं म्हणत नव्हते. विलायतेत कोणी देवाच्या नावानं थरथरले तर त्यांना थरथरणारे म्हटलं, कोणी शिस्तीनं प्रार्थना केली तर त्यांना पद्धतवाले म्हणून हसले. पुढं त्याच नावांनी त्यांची मंदिरं उभी राहिली. मी विचारलं, मग यातून काय निघतं? ती म्हणाली, "निघत काही नाही मम्मी, शब्दमर्यादा संपते."

कमलकाकी काल आली होती. तुमच्या बाजूची गावात उरलेली ती आणि तिच्या दोन जावा. लेटरहेडचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाप्यांना जायचं तर लेटरहेड लागतंय. आपल्याला काय लागंल गं?"

मी म्हटलं, "जीप."

होळीला महासतीजी जालन्यात आहेत. तुझी सही आली तर विनंती संघाची जाईल. नाही आली तर बायकांची जाईल. मी तुला विचारत नाही, कळवते आहे.

शीतल


जाफराबाद, १७ मार्च

विमलदादा,

सही आली नाही. आम्ही जाऊन आलो.

तातेरावची जीप ठरवली. तोच, जो आधी टेंभुर्णीच्या फेऱ्या करायचा. दोन्हीकडच्या बायका गाडीजवळ जमलेल्या पाहून तो म्हणाला, "ताई, भोंगेवाल्या एका बाजूला अन् मुक्या एका बाजूला का? मला शिटं बराबर लावू द्या."

"मिसळून बसव," मी म्हटलं.

"मिसळून? मंग रस्त्यात राडा झाला तर मी जिम्मेदार न्हाई. अन् मुक्या बाया गाडीत बोलतेत का न्हाई?"

कमलकाकी त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तू चालव, तुला कळंल."

जालना येईपर्यंत त्या बिचाऱ्याला एक शब्द बोलायला मिळाला नाही.

नेहलचे पप्पा आदल्या दिवशी म्हणाले होते, संघ असताना बायकांनी जाणं बरं दिसत नाही. त्यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. सकाळी त्यांनीच पाण्याचे थर्मास गाडीत ठेवले.

स्थानकात बाहेरगावचे संघ आले होते. टोप्या, उपरणी, प्रत्येकाचा एक बोलणारा आणि त्याच्या हातात कागद. आमचा नंबर आला तेव्हा मोठ्या महासतीजींनी विचारलं, "जाफराबादहून कोणत्या संघाची विनंती?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात कमलकाकी म्हणाली, "महाराजसाहेब, संघ दोन आहेत. जीप एकच होती."

पुरुषांच्या बाजूला हसू फुटलं. महासतीजी हसल्या नाहीत. बाईबद्दल त्यांनी नीट विचारलं: किती ऐकू येतं, सामायिक किती होतात, डोळे कसे आहेत. मग म्हणाल्या, आम्ही अशा जागी उतरू जिथं वीज वापरात नाही. व्याख्यान एकाच ठिकाणी होईल, माईक नसेल. ज्यांना ऐकू येत नाही त्या पुढं बसतील, पुरुष मागं. हे मान्य आहे का?

भोंगेवाल्यांच्या बायका माझ्याकडं पाहू लागल्या. मी मान हलवली. माझी सासू असती तर तिनंही हलवली असती, ती शेवटपर्यंत व्हरांड्यातच बसली. तुला नवल वाटेल, दादा, पण लाउडस्पीकर आणणाऱ्यांना आणि न आणणाऱ्यांना, बायकांना पुढं बसवलं तर प्रश्न मिटतो हे कोणालाच सुचलं नव्हतं. दोन्ही संघांच्या सभा मोठमोठ्या झाल्या होत्या.

उत्तर अक्षय तृतीयेला कळेल.

बाईचं तू विचारलं नाहीस. ठीक आहे. भिंत धरून चालते.

शीतल


जाफराबाद, ४ मे

विमलदादा,

चातुर्मास मिळाला. साध्वींचा लहान सिंघाडा आहे, तीन ठाणे, म्हणजे तिघीच, पण जाफराबादचं नाव सभेत घेतलं गेलं. बाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हं." थोड्या वेळानं उठून स्वयंपाकघरातल्या फळीवरची गोचरीची भांडी उतरवायला लागली. मी म्हटलं, अजून दोन महिने आहेत. म्हणाली, बघून तर ठेवते.

आणि आमचं बारसंही झालं. तू राधेश्यामजींना फोनवर म्हणालास म्हणे, "गावात आता तिसरा पंथ निघाला का, जीपवाल्यांचा?" राधेश्यामजींच्या आडतीवर सकाळी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत मोंढाभर होते, हे तुला मी सांगायला नको. परवा भाजीवाली मला म्हणाली, "जीपवाल्या ताई, वांगी ताजी हायेत." नेहलनं ते निबंधात घातलं. तिच्या मॅडमनी बाजूला लिहिलं, पुरावा द्या. ती म्हणते, मामाचा फोन नंबर देऊ का?

मला राग आला नाही. आम्ही दोन्हींना एक करायला निघालो आणि तिसऱ्या ठरलो. बाबूजींनी रागात दोन नावं ठेवली, तू थट्टेत तिसरं ठेवलंस. ते आम्ही घेतलं.

आता कामाचं. महासतीजींना उतरायला योग्य जागा गावात एकच आहे, तुमचं पत्र्याचं स्थानक. तिथं वीज नाही, पंखा नाही, आणि कुलूप तुझं आहे. आमच्या स्थानकात तारा, ट्यूब, माईकचं कपाट सगळं आहे. त्यांनी तिथं नको म्हटलं आहे.

स्थानक मिळालं नाही तर आमच्या बियाण्यांच्या गोदामावरचा हॉल रिकामा करणार आहोत. वायरमनला सांगून वरची लाइन तोडून ठेवली आहे. पण त्यात एक अडचण आहे, ती तुलाही कळेल. ज्याच्या आज्ञेनं, म्हणजे परवानगीनं, साध्वी उतरतात तो शय्यातर, आणि शय्यातराच्या घरचं अन्न त्या घेत नाहीत. हॉलची आज्ञा आम्ही दिली की आमची चूल गेली. आणि बाई आमच्या चुलीवर जेवते. म्हणजे साध्वी डोक्यावर राहतील आणि बाईच्या हातचं घेणार नाहीत.

स्थानकाची आज्ञा तू दे. शय्यातर तू होशील, आणि तुझी चूल इचलकरंजीत आहे.

बाई तुझ्या घरी नाही, जावयाच्या घरात आहे, म्हणून तू इतकी वर्षं माझ्या दारात आला नाहीस. आज ती तुझ्या चुलीवर असती तर तुझ्या आज्ञेनं तिचंच बंद झालं असतं. ती माझ्याकडं आहे म्हणून तू आज्ञा देऊ शकतोस आणि ती अन्न देऊ शकते. मी हे तीनदा तपासून पाहिलं. महासतीजींनाही विचारलं. असंच आहे.

शीतल


जाफराबाद, २९ जून

विमलदादा,

कुरिअरनं चावी आली. पुडक्यात दुसरं काही नव्हतं. पुठ्ठासुद्धा उलगडून पाहिला.

चावी पाठवलीस, हे मला पोचलं. पण चावी ही आज्ञा नाही. त्यांना मालकाच्या तोंडचा शब्द लागतो. तुझ्या वतीनं मी शब्द दिला तर शय्यातर मीच ठरते, आणि आपण पुन्हा तिथंच येतो. कमलकाकीनं दिला तर तिचं घर जातं. फोन साध्वी वापरत नाहीत. तू समोर उभा राहून "आज्ञा आहे" एवढं म्हणायचं आहे. सही नको, लेटरहेड नको, माफी तुलाही नको आणि आम्हालाही नको.

मी बाईला हे सगळं सांगितलं. तिला वाटलं तू येणार नाहीस. तसं तिनं म्हटलं नाही. काल सकाळी पेरणीच्या गर्दीत मी दुकानात असताना तिनं तातेरावला बोलावून घेतलं आणि दोन साड्या, जपमाळ, तोंडाला बांधायची मुखपत्ती, कानाच्या यंत्राची डबी आणि गोचरीची भांडी घेऊन कमलकाकीकडं गेली. दोन गल्ल्या, पण जीपनं. मी धावत गेले तर ती काकीच्या ओट्यावर बसून श्वास घेत होती.

मी म्हटलं, "बाई, हे काय?"

"चूल बदलली."

"या वयात?"

"तुझ्या हॉलला शय्यातर तू. मी आता कमलची. चार महिने हितं जेवणार, हितं लाटणार. मंग माझ्या हातचं चालंल ना?"

चालेल, दादा. नियमात बसतं. कमलकाकीनं तिला स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची दिली आहे, आणि मुद्दाम केलेलं साध्वींना चालत नाही म्हणून बजावलं आहे, "जमनाबाई, साध्वींसाठी म्हणून जास्तीची एक पोळी लाटलीस तर मी पात्रात पडू देणार न्हाई." बाई म्हणाली, "मला शिकवू नको. मी मुक्यांची आहे."

तिचे पाय सुजले आहेत. डॉक्टर येऊन गेले. आधी लिहिलं नव्हतं, आता लिहिते, कारण तू ते मोजून घ्यावंस. काकीच्या घराला उंबऱ्यानंतर दोन पायऱ्या आहेत आणि न्हाणीघर अंगणापलीकडं आहे. आमच्याकडं तिच्यासाठी सगळं एका पातळीवर केलेलं होतं. ती तक्रार करणार नाही. चार महिने तशीच राहील.

८ जुलैला सकाळी महासतीजींचा प्रवेश आहे. त्या देऊळगाव राजाकडून पायी येत आहेत, आम्ही सगळ्याजणी पुढं जाणार आहोत. नेहलचे पप्पाही येणार आहेत, तसं त्यांनी मला सांगितलेलं नाही, पण पांढरे कपडे इस्त्रीला टाकले आहेत. गावाच्या वेशीशी त्या विचारतील, उतरायचं कुठं, आज्ञा कोणाची?

तू तिथं असलास तर पत्र्याच्या स्थानकाची. त्या दुपारी बाईला मी घरी घेऊन येईन, आणि दुसऱ्या सकाळी ती माझ्या दारात उभी राहून गोचरी देईल. तू घरात बसलेला असलास तरी चालेल, फक्त शय्यातरानं मध्ये येऊ नये. तू नसलास तर गोदामाच्या हॉलची. मग बाई काकीच्या दारात उभी राहील, भिंत धरून. गोचरी तिच्या हातची होणारच आहे, दादा. ते आता तुझ्यावर किंवा माझ्यावर नाही. तिला दोन पायऱ्या चढायला लावायच्या की नाही, एवढंच तुझ्यावर आहे.

स्थानकासमोरची गल्ली आज आम्ही झाडून घेतली. चावी माझ्या पदराला बांधलेली आहे. कुलूप मी उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही.

शीतल